यातलं तुझं कोणतं?

रविवारी सकाळी तिघांना घराबाहेर काढायचं आणि दार लावून गाढ झोपायचं, हा बेत मुलांच्या आईचा होता. बेकरीतली पहाटेची पाळी संपवून ती नुकतीच घरी आली होती. केसांना अजून पीठ लागलेलं होतं आणि कुणाचं काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत ती मुळीच नव्हती.

"शाळेनं सांगितलंय ना, घरातलं एक मोठं माणूस घ्या आणि रस्त्यावरची चित्रं, पुतळे बघून या? मग हे घ्या मोठं माणूस," ती नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि दुपारच्या आत कुणी तोंड दाखवू नका."

मोठं माणूस दाराशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होतं. तो पालिकेच्या रंगखात्यात कामाला होता. आता रंगखातं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी रंगीबेरंगी येतं. प्रत्यक्षात या खात्यात रंग एकच, राखाडी. लोक भिंतींवर जे काही लिहून ठेवतात, शिव्या, प्रेमाच्या शपथा, भाड्याच्या खोल्यांचे फोन नंबर, एकमेकांच्या बापाचा उद्धार, ते सगळं त्या राखाडीखाली गडप करायचं, हे याचं काम. खात्यातली मंडळी एकमेकांना 'पुसणा' म्हणत. आमच्या या पुसण्यानं घरी मात्र इतकंच सांगून ठेवलं होतं की मी शहरातल्या भिंती रंगवतो.

त्यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. पण धाकट्या टिल्लूनं त्या वाक्याचं जे करायचं ते केलं. शहरात जिथे म्हणून भिंतीवर मोठं चित्र असेल ते आपल्या बाबानं काढलं, असं त्यानं ठरवून टाकलं आणि वर्गात, जिन्यात, शेजारीपाजारी सगळीकडे सांगूनही टाकलं. बापाच्या कानावर ते आलं होतं. सांगू सावकाश, पोरगं लहान आहे, असं म्हणत त्यानं ते तसंच राहू दिलं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं होतं. दिवसभर राखाडी डबे उपसून घरी आलेल्या माणसाला दारातच कुणी चित्रकार समजून मिठी मारली, तर तो काय लगेच 'थांब थांब, तो मी नव्हे' म्हणणार आहे?

मोठीचं प्रकरण वेगळं. ती कुणाला बढाया सांगत नसे, ती बघत बसे. यंदा तर चित्रकलेच्या बाईंनी तिला पार झपाटलं होतं. उठता बसता 'आमच्या बाई म्हणतात'. आजची फिरस्तीही तिच्याच देखरेखीखाली होती. कुठून सुरुवात करायची, कुठल्या वळणानं जायचं, शेवट कुठे करायचा, सगळं तिनं मनाशी पक्कं केलेलं होतं. बापाकडे फक्त पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा.

पहिला मुक्काम चौकातला बाक. तिथे एक ब्राँझचे आजोबा पाय पसरून पेपर वाचत बसलेले आहेत. पोरं त्यांच्या मांडीवर चढून चढून ती मांडी गुळगुळीत झाली आहे. टिल्लू चढला, पेपरात डोकावला आणि वैतागला.

"बाबा, पेपर कोराच आहे!"

"मग तूच सांग त्यांना बातमी."

टिल्लूनं आजोबांच्या कानाला तोंड लावलं आणि आई झोपली आहे, घरी जायची चोरी आहे, ही ताजी बातमी पुरवली.

मोठी तोवर मागे मागे जाऊन लांबून बघत होती. मग जवळ आली, मग बाकाला वळसा घालून पुतळ्याच्या मागे वाकली.

"सापडलं! बाबा, इकडे ये. पुढे बघ, एकेक सुरकुती काढलीय. आणि इथे कानामागे नुसता गोळा ठेवून दिलाय."

"दमला असेल बिचारा."

"किंवा वाटलं असेल, मागून कोण बघतंय. आमच्या बाई म्हणतात, आधी लांबून बघायचं, मग जवळून, आणि मग हात कुठे थांबलाय ते शोधायचं. काम करणाऱ्याचा हात कुठेतरी थांबतोच. कुणी दमतं, कुणी आळस करतं, कुणी काहीतरी जपतं. तिथे तो माणूस सापडतो."

"फारच हुशार आहेत तुमच्या बाई."

"तुझाही सापडतो की. आपल्या स्वयंपाकघरात. कुंभारणीचं घर."

गेल्या वर्षी स्वयंपाकघर रंगवायला काढलं तेव्हाची गोष्ट. बायको म्हणाली होती, नुसता चुलीवरचा काळा भाग रंगव, बाकी बरं आहे. हा म्हणाला, छे, ठिगळ दिसेल, आणि अख्खी खोली काढली. ठिगळाचा त्याला मनस्वी राग. रंगवता रंगवता खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात मातीचं घर निघालं, कुंभारीण माशीनं बांधलेलं, पेराएवढ्या इवल्या मडक्यांचं. बायको म्हणाली, खरवडून टाक. त्यानं टाकलं नाही. सगळ्यात बारीक ब्रश घेऊन, श्वास रोखून, त्या मातीला रंगाचा ठिपकाही लागू न देता कडेकडेनं तो ब्रश फिरवत राहिला. शिडी धरून उभ्या असलेल्या मोठीला म्हणाला होता, "अगं, पोरांसाठी बांधते ती. आपल्या रंगापायी तिचं घर कशाला मोडायचं?" हे पोरीनं इतकं ध्यानात ठेवलं असेल याची त्याला कल्पना नव्हती. तो मनातून चांगलाच फुलला.

"बाबा, हे आजोबा तुझे?" टिल्लूनं मांडीवरून विचारलं.

"नाही रे, हा पुतळा आहे. मी भिंती करतो."

"मग भिंतीकडे चल ना!"

वाटेत एका बागेच्या तोंडाशी दगडी मासा होता, त्याच्या तोंडात शिरून शेपटीकडून बाहेर पडता येत होतं. टिल्लू इतक्या वेळा शिरला आणि निघाला की माशालाच अपचन व्हावं. पुढे एका दवाखान्याच्या कुंपणावर नुसत्या हातांची चित्रं होती, लहान, मोठे, म्हातारे, सगळे हलवून बोलावणारे. टिल्लूनं विचारलं, "हे तुझं?" बाप म्हणाला, नाही. मग एका जिन्याच्या पायऱ्यांवर रंगवलेला वाघ. "हा?" हाही नाही. पोराचा चेहरा प्रत्येक 'नाही'ला थोडा थोडा उतरत गेला. सगळ्या वर्गाला सांगून ठेवलेलं, आणि इथे बघावं तर वाघ दुसऱ्याचा, हातही दुसऱ्याचे.

असं होता होता ते पुलाखाली पोचले. तिथली भिंत शहरातली सगळ्यात देखणी. एक लांबच लांब होडी, आणि होडीत माणसांऐवजी पक्षी, चोचीत वल्ही धरून बसलेले. एक तरुण जोडपं तिचे फोटो काढत होतं. टिल्लू भिंतीसमोर उभा राहिला, मान पार मागे टाकून त्यानं ती सगळी बघितली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, यातलं तुझं कोणतं?"

त्या हळू आवाजानं घात केला. ओरडून विचारलं असतं तर तो हसून नाही म्हणाला असता.

"ते... खालचं," तो म्हणाला.

चित्राच्या तळाशी गुडघाभर उंचीचा राखाडी पट्टा होता. तिथे लोक काहीबाही खरडत, म्हणून दर महिन्याला तो झाकावा लागे, आणि झाकायला हाच येई. म्हणजे बोलला ते शब्दाला धरून खरंच होतं. पण टिल्लू शब्दाला धरून बसणारा नव्हता.

"माझ्या बाबानं काढलंय हे!" त्यानं त्या जोडप्याला आरोळी ठोकली.

"अय्या, खरंच?" मुलगी वळली. "तुम्ही काढलंत? आम्ही दर रविवारी येतो इथे. प्लीज, एक फोटो काढू का तुमचा?"

"नाही, म्हणजे मी एकटा नाही... मी आपलं खालचं खालचं..."

"किती साधे आहात हो," ती मुलगी म्हणाली.

आता यावर माणसानं काय बोलावं? बोलायचं ते त्याच क्षणी होतं, दोन वाक्यांचं काम होतं, पण टिल्लू त्याचा हात धरून असा ताठ उभा राहिला होता की ती दोन वाक्यं राहूनच गेली. फोटो निघाला. कान तापून लाल झालेला एक माणूस, शेजारी छाती काढलेलं पोरगं, मागे वल्ही मारणारे पक्षी. फोटोत मोठी नव्हती. ती बाजूला उभी राहून भिंतीचा तळ बघत होती.

जोडपं गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, तू यातलं नक्की काय काढलंस?"

"सांगतो नंतर. बिस्कीट खा."

त्याला स्वतःचीच शिसारी आली. पोराला खूश करायला म्हणून मारलेली थाप, पण फोटोला उभं राहायला कुणी सांगितलं होतं? त्यानं मनाशी ठरवलं, घरी गेल्यावर दोघांनाही समोर बसवून सगळं सरळ सांगायचं. ठरवल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. ठरवण्यात तो पहिल्यापासूनच पटाईत होता.

"आता शेवटचं," मोठी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून दाबून ठेवलेलं हसू आता मावत नव्हतं. "आमचं."

"तुमचं कुठलं?"

"विसरलास ना? आमच्या वर्गानं भिंत रंगवली त्या शनिवारी. मी तुला किती वेळा म्हटलं, ये ये. तू म्हणालास काम आहे."

काम काही नव्हतं. आठवडाभर भिंतीच बघितल्या, आता शनिवारीही भिंतच काय बघायची, असं वाटून तो घरी लोळत पडला होता. कुठली भिंत, एवढंही त्यानं विचारलं नव्हतं.

"कुठे आहे ती?"

"नाही सांगणार, चल नुसता. आणि ऐक," ती त्याच्या बाहीला धरून म्हणाली, "त्यात तू आहेस. मी तुलाच काढलंय."

"मला?"

"बघशीलच. मुद्दाम शेवटी ठेवलंय."

टिल्लू खांद्यावर बसला, मोठी पुढे निघाली. बापाच्या मनातली पुलाखालची मळमळ बरीचशी गेली. आपली पोर आपलं चित्र काढते, शहराच्या भिंतीवर काढते, म्हटल्यावर कुठला बाप खूश होणार नाही? धुलाईचं दुकान आलं, त्याच्या जाळीतून वाफ बाहेर येत होती. मग सायकली लावायचा लोखंडी कठडा. मग मोठी डावीकडे वळली, तिथे कोपऱ्यावर गळका नळ होता, खाली शेवाळं धरलेला.

त्या नळावर त्यानं गुरुवारी रोलर धुतले होते.

गल्ली तीच होती. तो मागे थबकला, तसा टिल्लूनं वरून टाचा मारल्या.

गुरुवारी सकाळी मुकादम येऊन भिंतीच्या कोपऱ्यात खडूनं फुली मारून गेला होता. फुली म्हणजे इथलं झाका. तक्रार होती ती एका टोकाला कुणीतरी काळ्या रंगात लिहिलेल्या घाणेरड्या ओळीची, तेवढीच. बाकी भिंतभर मुलांची चित्रं होती. गाड्यांपेक्षा मोठी मांजरं, हसणारे ढग, दारापेक्षा उंच माणसं. कामावरच्या जोडीदारानं विचारलंही होतं, "हेपण घ्यायचं का रे?"

खात्यात याचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी, तो ठिगळ ठेवत नसे. बाकीचे लिहिलेल्या तेवढ्यावर चौकोन मारून मोकळे होत. हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखी भिंत करून द्यायचा आणि मुकादम इतरांना ती नेऊन दाखवायचा.

"ठिगळ दिसेल," तो म्हणाला होता. "घे सगळी. पोरांच्या रेघोट्या तर आहेत."

त्या रेघोट्यांत शिडीवर चढलेला एक माणूस होता. निळी टोपी, हातात स्वतःएवढाच रंगाचा डबा, पाय काही शिडीला पोचलेले नाहीत. जोडीदार खो खो हसला होता. "हा बघ, तुझा भाऊ!" हाही हसला होता. त्याच्या डोक्यावर तेव्हा तशीच निळी टोपी होती. आणि मग त्यानंच रोलर भिजवून त्या माणसावरून फिरवला होता. पहिल्या हाताखालून टोपीचा निळा रंग वर येत होता, म्हणून त्याच्यावर दुसरा हात मारला.

"माऊ," त्यानं पुढे चाललेल्या पोरीला हाक मारली. "अगं, आईस्क्रीम खाऊया का आधी? तिकडे मागे एक दुकान होतं."

"आईस्क्रीम!" टिल्लू वरून किंचाळला.

"नंतर," मोठी न वळता म्हणाली. "आलंच."

"माझा पाय दुखतोय गं. उद्या येऊ की."

"बाबा, काय रे! पाच मिनिटं!"

अजून गल्ली बरीच उरली होती. तिला हाक मारून थांबवायचं, खाली बसायचं आणि सांगायचं, एवढी जागा त्या गल्लीत नक्की होती. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं आणि मिटलं. तेवढ्यात मोठी धावत सुटली, वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मग तिच्या धावण्याचा आवाज थांबला.

तो पोचला तेव्हा ती भिंतीसमोर उभी होती. भिंत राखाडी होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. काम झकास झालं होतं. कुठे थेंब नाही, कुठे ओघळ नाही, कुठे ठिगळ नाही.

"इथेच होतं," ती म्हणाली.

"गल्ली चुकलीस तू," तो म्हणाला.

हो, असं म्हणाला तो. जिभेनं आपणहून म्हटलं, आणि तो जिभेच्या मागोमाग गेला. "या गल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात. पलीकडची असेल, चल." आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं तिला पलीकडच्या गल्लीत नेलं. तिथे काही नाही हे त्याला ठाऊक होतं. ती बिचारी दोन्ही बाजूच्या भिंती बघत चालली होती, आणि तो पण बघितल्यासारखं करत होता, वाकून बिकून. आयुष्यात इतकं हलकट काही केल्याचं त्याला आठवेना.

"नाही," शेवटी मोठी म्हणाली. "तीच होती. तिथे शिवणकामाचं दुकान होतं. त्या मावशींनी आम्हाला पाणी दिलं होतं."

परत आले तर त्या मावशी दुकानाच्या दारातच उभ्या होत्या, गळ्यात टेप, हातात कुणाची तरी उसवलेली पँट. मोठीला बघून त्यांनी ओळखलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"आलीस होय गं? आता काय दाखवू तुला? गुरुवारी मी दुकान बंद ठेवलं होतं, शुक्रवारी येऊन बघते तर हे. पालिकेचे मेले! दिवसभर उन्हात उभं राहून काढलं होतं पोरांनी." त्या बापाकडे वळल्या. "तुम्हीच सांगा दादा, या लोकांना डोळे नसतात का हो?"

"नसतात बघा," तो म्हणाला. "पगार झाला की संपलं. बघतंय कोण."

हे त्यानं इतक्या कळकळीनं म्हटलं की मावशींनी मान डोलावली. आणि त्याला वाटलं, आत्ता इथे जमीन दुभंगली तर आपण 'आलो आलो' म्हणत उडी मारू.

"रडू नको ताई," टिल्लू खाली उतरून म्हणाला. ताई काही रडत नव्हती. "बाबा परत काढून देईल. मावशी, माझा बाबा चित्रकार आहे. पुलाखालची होडी त्यानंच काढलीय."

"काय सांगतोस!" मावशी म्हणाल्या.

बापानं मान खाली घातली. मावशींना तो विनय वाटला असावा.

मोठी मात्र आता मागे मागे जात होती. गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीला पाठ टेकेपर्यंत ती मागे गेली आणि तिनं ती राखाडी भिंत लांबून बघितली. ती काय करतेय ते तो समजला. मग ती जवळ आली. एका टोकापासून भिंतीला नाक लावून चालू लागली, बोटं भिंतीवरून हलकेच ओढत. रंग चढवताना खाली फरशीला पट्टी लावून काढलेली सरळ कड तिनं बघितली. पाइपाच्या मागे ब्रश घालून रंगवलेलं बघितलं. तिथे तर कुणीच रंगवत नाही. मग तिच्या डोक्याच्या उंचीवर एक बंद झरोका होता, त्याच्या दगडी पट्टीखाली ती वाकली आणि तिथेच थांबली.

त्यालाही तेव्हाच आठवलं. जोडीदार शिडी आवरत ओरडला होता, अरे चल, माशीच्या घरापाशी काय पूजा मांडलीस! आणि यानं शांतपणे खिशातून बारीक ब्रश काढला होता.

राखाडी रंग तिथवर येऊन थांबला होता. मध्ये मातीची चार मडकी, चिकटलेली, जशीच्या तशी, अंगावर रंगाचा एक ठिपका नाही. कडेनं ब्रश असा फिरलेला की जणू कुणाच्या तरी झोपेला धक्का लागू नये म्हणून.

पोर किती तरी वेळ तिथे वाकून होती. मग सरळ झाली आणि तिनं बापाकडे बघितलं. चिडली असती, किंचाळली असती, पाठीत गुद्दे घातले असते तर त्यानं आनंदानं खाल्ले असते. ती नुसती बघत होती, आणि तिच्या बघण्यात सगळं होतं, पलीकडची गल्लीसुद्धा.

"मावशी," ती म्हणाली, "चुकून झालं असेल त्यांच्याकडून."

"चुकून? अगं, अख्खी भिंत चुकून?"

"हो. काही काही लोकांना ठिगळ आवडत नाही." मग ती टिल्लूचा हात धरून म्हणाली, "चल, घरी जाऊ."

ती त्याला झाकत होती. जिचं चित्र त्यानं झाकलं होतं, ती आता परक्या बाईसमोर बापाची लाज झाकत होती. आणि वाट मोकळी होती. गुपचूप मागोमाग चालू लागलं की झालं, मावशींना कधी कळणार नव्हतं, टिल्लूला तर नाहीच नाही. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते त्याला त्या मोकळ्या वाटेकडे बघताना कळलं.

टिल्लू हलायला तयार नव्हता.

"पण बाबाचं राहिलंच की!" तो म्हणाला. "बाबा, आपण सगळं शहर फिरलो, तुझं कोणतं ते दाखवलंच नाहीस. होडीचं खालचं नको. खरं तुझं, सगळं तुझं."

बापानं भिंतीवर तळहात टेकवला.

"हे," तो म्हणाला.

"कुठलं?"

"ही भिंत. मी रंगवली, गुरुवारी." आवाज फाटत होता, पण आता तो थांबला नाही. "होडी मी नाही काढली रे. मी चित्रं काढत नाही, झाकतो. ताईच्या वर्गाची चित्रं मीच झाकली. शिडीवरचा माणूस होता, तोही मीच झाकला. बघितला होता, हसलो होतो, आणि झाकला. मावशी, ते डोळे नसलेले लोक म्हणजे मी."

मावशींनी हातातल्या पँटची घडी घातली, ती छातीशी धरली आणि त्या आत निघून गेल्या. मशीनचा आवाज काही सुरू झाला नाही.

टिल्लू विचारात पडला होता. मग तो धावत गल्लीच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि ताईसारखाच पाठ टेकवून त्यानं भिंत बघितली.

"अख्खी?" त्यानं तिथून ओरडून विचारलं.

"अख्खी."

"इकडून तिकडेपर्यंत?"

"हो."

टिल्लू परत आला, भिंतीच्या खालच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. शाळेत चित्र रंगवताना रेघेच्या बाहेर रंग जातो म्हणून त्याला रोज बोलणी बसत.

"कुठ्ठेच बाहेर गेला नाही रंग," तो मान डोलावत म्हणाला, आणि दुकानाच्या दाराकडे तोंड करून त्यानं पुलाखाली ठोकली होती तशीच आरोळी ठोकली, "मावशी! हे माझ्या बाबानं केलंय, सगळं!"

बापाला खाली बसावंसं वाटलं. तो तसाच उभा राहिला, हात भिंतीवर ठेवून.

मोठी आली. त्याच्याकडे तिनं बघितलं नाही. तिनं टिल्लूला बगलेत धरून जोर लावून उचललं आणि झरोक्याच्या पट्टीखाली त्याचं तोंड नेलं.

"काय दिसतंय?"

"मातीचं घर! कुंभारणीचं! आपल्याकडे आहे तसंच!"

"इथे बाबाचा हात थांबला," मोठी त्याला म्हणाली. "आमच्यापाशी नाही थांबला."